नाव न घेता केलेली प्रार्थना

घासवाला पहिल्यांदा पडला तो गोठ्यात, पहाटे, वैरण टाकताना. पाटी आपटल्याचा आवाज आला तेव्हा बायकोला वाटलं गाईने लाथ मारली. ती गाईला शिव्या घालतच आत गेली. पाहते तर गाय कोपऱ्यात अंग चोरून उभी आणि नवरा शेणात आडवा. टाचा जमिनीवर आपटत होत्या, डोळे पांढरे झालेले, दातखीळ बसलेली, ओठाच्या कडेला फेस. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि नुसतं "अहो, अहो" करत राहिली. दुसरं काही सुचलंच नाही. बऱ्याच वेळाने अंग सैल पडलं. त्याने डोळे उघडले, तिच्याकडे परक्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं आणि मग स्वतःच्या विजारीकडे पाहिलं. विजार ओली झाली होती.

"कुणी पाहिलं?" त्याने विचारलं.

"मी."

"आबांनी?" बाहेर झोपलेल्या म्हाताऱ्या बापाच्या रोखाने तो म्हणाला.

"आबांना काय दिसतंय आणि काय ऐकू येतंय! उठू नका. डॉक्टरकडे जाऊ आपण."

"सुगी संपू दे, मग जाऊ."

"सुगीपर्यंत परत झालं म्हणजे?"

"नाही होत. उपाशीपोटी उठलो म्हणून झालं. आणि हे बघ, हे या गोठ्याबाहेर जायचं नाही. शपथ आहे तुला."

तिने शपथ घेतली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. त्याची विजार तिने इतर कपड्यांच्या तळाशी घालून धुतली.

त्याला घासवाला म्हणायचं कारण त्याचं काम. गावात मळणीचं यंत्र एकच. ट्रॅक्टरला पट्टा लावून ते चालायचं आणि सुगीत या खळ्यावरून त्या खळ्यावर फिरायचं. यंत्राच्या तोंडाशी एक फळी होती. फळीवर उभं राहून गव्हाच्या पेंढ्या आत सारायच्या, म्हणजे यंत्राला घास भरवायचे, हे त्याचं काम. मोठा घास गेला तर यंत्र गुदमरतं, लहान गेला तर नुसतं डिझेल जळतं, आणि हात जरा पुढे गेला तर हातच जातो. त्याच्या हाताखाली यंत्र कधी अडकलं नव्हतं. बाप्तिस्म्याला ठेवलेलं नाव आता फक्त चर्चमधल्या पाळकांच्या तोंडी उरलं होतं. फळीवर चढला की तो वेगळाच माणूस दिसायचा, ताठ, कुणाचं न ऐकणारा. गावातली मोठी माणसंसुद्धा खालून मान वर करून "घासवाले, आमचा नंबर कधी?" असं विचारायची. एरवी त्याला कुणी काही विचारत नसे.

म्हणून तो फळी सोडणार नाही हे तिला ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिच्या जिवाला घोर लागला.

रोज दुपारी ती डबा घेऊन खळ्यावर जायची. पूर्वी डबा ठेवून परत यायची, आता बसून राहायला लागली. भुसा उडून डोळ्यांत जायचा, तरी ती डोळ्यांवर पदर घ्यायची नाही. त्याने पेंढी उचलली की तिचा श्वास अडकायचा, आत सारून हात मागे आला की सुटायचा. एकदा तो कपाळाचा घाम पुसायला थांबला, तर ती अर्धी उभी राहिली.

"काय गं, नवऱ्याला नजर लावतेस का?" पोती धरणारी एक बाई म्हणाली. "नवीन लग्न झाल्यासारखी बघतेस."

सगळ्या हसल्या. तीही हसली. हसताना तिने डोळे फळीवरून हलवले नाहीत.

मशीनवाला पट्ट्यापाशी उभा असायचा. चर्चच्या मंडळीचा पंच, रविवारी पहिल्या बाकावर बसणारा, माणूस तुसडा पण न्यायी. एक दिवस ती हिय्या करून त्याच्याजवळ गेली.

"दादा."

"काय?"

तो वळला. फळीवरून नवराही तिच्याकडेच पाहत होता.

"काही नाही. म्हटलं, पाऊस येईल का हो?"

"मला काय विचारतेस? त्याला विचार," त्याने आभाळाकडे बोट केलं. आभाळ तेव्हा निरभ्र होतं. ती डबा उचलून घरी आली आणि चुलीपुढे बसून स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं तिला वाटलं. नवऱ्याची चुगली मालकाकडे करायची, म्हणजे संसारच मोडायचा. आणि गप्प बसायचं, तर एक दिवस त्याला पोत्यात घालून घरी आणतील. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मग तिला पाळक आठवले. पाळकांच्या दारापर्यंत ती गेलीही. ते अंगणात वांग्यांना पाणी घालत होते. चांगला माणूस, सांगितलेलं सगळं पोटात ठेवणारा. कुणाचा मुलगा पितो, कुणाची सून माहेरी का गेली, सगळं त्यांच्या पोटात असे आणि ते कधी बाहेर येत नसे. इथेच तर अडचण होती. तिला पोटात ठेवणारा माणूस नको होता. ती पाळकांना नमस्कार करून तशीच पुढे गेली आणि शिवणबाईचं दार वाजवलं.

शिवणबाई गावाचे कपडे शिवायची आणि बायकांची प्रार्थनासभा चालवायची. मंडळीत कुणी आजारी पडलं की पहिली पेज तिच्या घरची. कुणाचं बाळंतपण असो, कुणाचं मयत असो, ही हजर. मन सोन्यासारखं, पण तोंडात तीळ भिजायचा नाही.

"बाई, एक सांगायचंय. पण कुणाला बोलायचं नाही. फक्त प्रार्थना करा."

शिवणबाईने शिलाईयंत्र थांबवलं. सगळं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता तिचे डोळे भरून आले, आणि ते खोटे नव्हते.

"माझ्या पोटातून बाहेर नाही जायचं, पोरी. हे माझ्यात आणि प्रभूत."

घरी येताना तिला हलकं वाटलं आणि आपण फार वाईट बाई आहोत असंही वाटलं.

रविवारी चर्च भरलं होतं. सुगीत निम्मी मंडळी शेतावर असते, पण गव्हाचं खळं यायच्या आधी लोकांची भक्ती वाढते. उपदेशानंतर मुक्त प्रार्थना असायची, ज्याला वाटेल त्याने उभं राहून करायची. एका म्हाताऱ्याने आपल्या गुडघ्यांसाठी केली. एकाने पाऊस लांबावा म्हणून केली, कारण उत्तरेकडे ढग जमायला लागले होते. मग शिवणबाई उभी राहिली.

"हे प्रभू," ती म्हणाली, आणि तिचा आवाज लगेच भरून आला. "आमच्यातल्या एका भावासाठी तुझ्याकडे येते. नाव घेत नाही, प्रभू, नाव तुला ठाऊक आहे. त्याला पहाटे झटका आला, गोठ्यात पडला. हे लपवून तो रोज मशीनच्या तोंडावर उभा राहतो. त्याचे हात सांभाळ. त्याच्या बायकोचं रडणं ऐक. नाव घेत नाही, प्रभू."

सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. घासवाल्याच्या बायकोने उघडले. बायकांच्या बाजूने तिला नवऱ्याची पाठ दिसत होती. ती हलली नाही. पहिल्या बाकावरच्या मशीनवाल्याचेही डोळे उघडे होते आणि तो समोरच्या भिंतीकडे पाहत होता. "आमेन" सगळे एकदम म्हणाले. तिचा नवरा जरा मागून म्हणाला, मोठ्याने, स्पष्ट.

दोघं घरी आली. बूट काढताना तो म्हणाला, "शिवणबाईला कुणी सांगितलं?"

"मला काय ठाऊक. तिची भाची दूध न्यायला येते पहाटे. तिने पाहिलं असेल."

"भाचीने," तो म्हणाला. त्याने एक बूट काढला आणि दुसरा तसाच ठेवून बराच वेळ बसून राहिला.

सोमवारी मशीनवाल्याने त्याला फळीवर चढू दिलं नाही. "पोती धर काही दिवस," एवढंच म्हणाला. फळीवर त्याने आपल्या पुतण्याला चढवलं. घासवाला बायकांच्या ओळीत पोत्याचं तोंड धरून उभा राहिला. त्यांना नेहमीच्या चेष्टा करता येईनात. पुतण्या घाबरून चिमूटभर चिमूटभर घास घालायचा, नाहीतर एकदम कवळाभर. यंत्र दर थोड्या वेळाने घरघर करून अडकायचं. प्रत्येक वेळी घासवाल्याचे हात पोत्यावरच आवळायचे.

आणि मग मंडळीने त्याची काळजी घ्यायला सुरुवात केली. संध्याकाळी शिवणबाई पेज घेऊन आली. तिच्यामागून गुडघेवाला म्हातारा आला आणि आपल्या मेव्हण्याला झटके कसे यायचे ते जेवणावर बसून सांगत राहिला. कुणी त्याची कुऱ्हाड नेली, "तुला कशाला लागते आता, मी फोडून देतो लाकडं." विहिरीवर गेला की कुणीतरी मागे चालायचं आणि त्याने वळून पाहिलं की खोकायचं. एक माउली तर आपल्या मुलाला म्हणाली, "काकांच्या खांद्यावर बसू नकोस रे, काका पडतात." हे त्याच्या समोर. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. सगळ्यांनी जीव लावला होता आणि त्या जिवाखाली तो गुदमरत होता. बहिऱ्या आबांना तेवढं काही कळलं नव्हतं. ते दारात बसून ओरडायचे, "आज लवकर आलास? मशीन बिघडलं का?"

"हो, बिघडलं," तो म्हणायचा.

तिला मात्र झोप लागायला लागली होती. नवरा तिच्याशी तोडून बोलत होता, गावात त्याची मान खाली गेली होती, आणि तरी तिला झोप लागत होती. या गोष्टीची तिला लाज वाटायची.

पण उत्तरेचे ढग वर चढले. गुरुवारी वारा पडला, हवा चिकट झाली. निम्म्या गावाचा गहू अजून खळ्यांवर रचलेला होता आणि पुतण्याच्या हाताखाली यंत्र गोगलगाईसारखं सरकत होतं. गहू भिजला की काळा पडतो, मग कोंबड्याही तोंड लावत नाहीत. लोक खळ्यावर येऊन उभे राहायला लागले.

"असं चाललं तर आमचा नंबर पुढच्या सुगीला."

"घासवाला असता तर कालच झालं असतं."

"अरे, पण तो…"

"काय तो? रविवारपासून पडलाय का? प्रार्थना केली ना सगळ्यांनी?"

हे पहिल्यांदा कोण म्हणालं ते कुणालाच आठवेना. संध्याकाळपर्यंत मात्र सगळेच तसं म्हणत होते. शिवणबाईच्या नवऱ्याचं खळं सगळ्यांत मोठं होतं. दिवे लागायच्या वेळेला पंच, पाळक, शिवणबाई आणि आणखी चारजण घासवाल्याच्या घरी आले. त्यांनी त्याला मधे बसवलं, डोक्यावर हात ठेवले आणि प्रार्थना केली. पाळकांनी हात ठेवला, पण त्यांची प्रार्थना फार छोटी होती. शिवणबाईची मोठी होती. शेवटी तिने आधीच उपकार मानून टाकले.

"तू बरं केलंस, प्रभू. आम्ही विश्वास ठेवतो, तू बरं केलंस."

घासवाला रडत होता. हे रडणं खोटं नव्हतं. त्याला बरं व्हायचं होतं, आणि इतके लोक एकदम म्हणत होते की झालास.

"मग उद्या चढतोस?" मशीनवाल्याने विचारलं.

"चढतो, दादा."

ती उंबऱ्यात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. काहीतरी बोलायला हवं होतं. पण देवाने बरं केलं म्हणून सगळे डोळे पुसत असताना बायकोने "नाही झाले" कसं म्हणायचं? करायला गेले एक आणि झालं भलतंच. तिने सगळ्यांना पाणी दिलं. पाळकांनी तांब्या घेताना तिच्याकडे पाहिलं, आणि मग नजर पाण्याकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो परत पडला. या वेळी अंगणात, दात घासताना. भानावर आला तेव्हा जीभ चावलेली होती.

"आता?" ती म्हणाली.

"आता काय. मला आधी कळतं. तोंडाला लोखंडाची चव येते. चव आली की मी बाजूला होईन."

"आज कळलं होतं?"

तो चूळ भरत राहिला. पाणी लाल येत होतं.

"अहो, पाया पडते. नका जाऊ."

"लोकांनी विश्वास ठेवलाय," तो म्हणाला. "मी आज नाही गेलो तर देवाने काही केलं नाही असं होईल. आणि मी काय, जन्मभर पोती धरू?"

तो गेला. तिने चूल विझवली, आबांपुढे पाणी ठेवलं आणि त्याच्यामागोमाग निघाली.

शिवणबाईच्या खळ्यावर माणसं गोळा झाली होती. ढग इतके खाली आले होते की दिवस उगवला की नाही ते कळत नव्हतं. घासवाला फळीवर चढला तेव्हा दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. तो ताठ उभा राहिला. तेवढ्यात ती मागून फळीवर चढली.

"ए बाई, खाली उतर!" मशीनवाला ओरडला. "मशीन चालू व्हायचंय."

"नाही उतरत. आज उजाडताना परत पडलेत ते."

पट्ट्याजवळचा माणूस हातातलं सोडून बघायला लागला. शिवणबाई म्हणाली, "अगं, पण काल संध्याकाळीच तर…"

"काल प्रार्थना झाली आणि आज पडले. जीभ बघा त्यांची. आणि अहो, शिवणबाईला मी सांगितलं होतं, तिच्या भाचीने नाही. दादा, मी मुद्दाम सांगितलं, तुमच्या कानावर जावं म्हणून." तिचा आवाज फाटला. "आता सरळच सांगते. यांना खाली उतरवा."

मशीनवाल्याने घासवाल्याकडे पाहिलं. "खरं का रे?"

घासवाल्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "खोटं बोलते ती. घाबरट आहे. पहिल्यापासून."

तिला वाटलं, कुणीतरी म्हणेल, जीभ दाखव. कुणीच म्हणालं नाही. लांब कुठेतरी गडगडलं आणि सगळ्यांनी माना वर केल्या. मशीनवाल्यानेही केली. मग त्याने हात हलवला आणि ट्रॅक्टर सुरू झाला.

ती उतरली नाही. तिने मागून नवऱ्याच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि डोकं त्याच्या पाठीला टेकवलं. खाली कुणीतरी हसलं, "लग्नात सुद्धा एवढा घट्ट धरला नसेल!" तो कोपराने तिला ढकलत होता. ती ढकलून घेत होती. मग यंत्राने वेग घेतला आणि त्याला ढकलायला वेळ राहिला नाही. खालून पेंढी यायची, तो उचलायचा, सारायचा, हात मागे. यंत्र एका सुरात चालायला लागलं. पोती भरू लागली. लोकांचे चेहरे खुलले. ती काही पाहत नव्हती. तिच्या कानाला त्याच्या पाठीतून त्याचं काळीज ऐकू येत होतं आणि तेवढंच ती ऐकत होती. तिचे हात दुखून आले, मग बधिर झाले. भुशाने नाक भरलं. तिने मिठी सोडली नाही.

किती पेंढ्या गेल्या असतील कुणास ठाऊक. एकदम त्याचं अंग थांबलं. पेंढी हातात होती, अर्धी आत गेलेली.

"बंद!" तो ओरडला. इतका मोठा आवाज त्याने उभ्या जन्मात काढला नसेल. "बंद करा! आली, चव आली, बंद करा…"

पुढचे शब्द नीट निघाले नाहीत. त्याची बोटं पेंढीवर आवळली आणि यंत्र पेंढी ओढत होतं. ती सगळं अंग टाकून मागे कोसळली. पेंढी त्याच्या हातांतून ओरबाडून आत गेली आणि दोघं फळीवरून पाठीवर, खालच्या गव्हाच्या राशीत पडले. तो तिच्या अंगावरच थडथडत होता. ट्रॅक्टर बंद झाला. खळ्यावर एवढी शांतता झाली की त्याच्या टाचांचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

कुणी प्रार्थना केली नाही. पाळक गुडघ्यावर बसले आणि त्यांनी त्याला कुशीवर वळवलं. शिवणबाईने आपली ओढणी गोळा करून त्याच्या गालाखाली घातली. तिचे ओठ हलत होते, पण त्यांतून आवाज येत नव्हता. मशीनवाला उभा होता तिथेच उभा राहिला आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

थेंब पडायला लागले. मोठे, सुटे सुटे. निम्मी माणसं ताडपत्री ओढायला पळाली, निम्मी तिथेच घुटमळली.

मशीनवाला ट्रॅक्टरकडे गेला आणि त्याने पट्टा काढला.

"अहो, काय करताय?" शिवणबाईचा नवरा ओरडला. "अर्धं खळं राहिलंय! ट्रॅक्टर नेला तर मशीन कशावर चालणार?"

"चालणार नाही," मशीनवाला म्हणाला. "ट्रॉली जोड. डॉक्टरकडे न्यायचंय."

"माझा गहू काळा पडेल!"

"पडू दे," असं म्हणाली ती शिवणबाई. नवरा तिच्याकडे बघतच राहिला. तिने आपल्याच राशीतल्या पेंढ्या कवळ्याने उचलल्या, ट्रॉलीत पसरल्या, परत आली, परत उचलल्या. जाड गादी झाल्यावर म्हणाली, "ठेवा आता त्याला. सावकाश."

ट्रॅक्टर खळ्यातून निघाला. ट्रॉलीत तो आडवा होता आणि त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. गाव मागे पडेपर्यंत त्याने डोळे उघडले नाहीत. मग उघडले. आधी आभाळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ओळखायला त्याला वेळ लागला. त्याने दोन्ही हात वर उचलून तोंडासमोर धरले. तळवे सोलवटून रक्त आलं होतं. बोटं सगळी होती. ती त्याने एक एक हलवून पाहिली.

पावसाचे थेंब त्याच्या तोंडावर पडत होते आणि ती पदराने पुसत होती.

"गावभर सांगत फिरलीस," तो शेवटी म्हणाला. जीभ सुजल्यामुळे शब्द जड येत होते. "देवाला सांगितलंस, शिवणबाईला सांगितलंस, पंचाला सांगितलंस. एकदा मला सांगायचंस ना."

"तुम्हालाच तर रोज सांगत होते, खळ्यावर बसून," ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला रडू फुटलं.

त्याने सोलवटलेला हात उचलून तिच्या हातावर ठेवला. ट्रॅक्टर खड्ड्यांतून सावकाश चालला होता. मशीनवाला पुन्हा पुन्हा मागे वळून बघत होता.